गिळू नये, आहेर आणू नये

सुभेदार खोतांच्या कानाच्या मशीनमध्ये घालायचा नवाकोरा सेल मी त्यांच्या डोळ्यांदेखत गिळला. मुद्दाम नव्हे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला दोन हात कमीच पडतात, म्हणून तो तोंडाचा तिसरा हात करतो. स्क्रू, पिन, चिमटा, जे असेल ते ओठांत धरायचं आणि काम करत राहायचं, ही सवय मला वडिलांकडून दुकानाबरोबरच मिळाली. त्या दिवशी डाव्या हातात मशीन, उजव्या हातात चिमटा आणि ओठांत सेल असा थाट होता. नेमकी त्याच वेळी सुभेदारांनी तपकिरीची डबी उघडली आणि मला शिंक आली. शिंकण्याआधी माणूस मोठा श्वास आत ओढतो, हे शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ दुकानात कळला.

"गिळला!" मी ओरडलो. "सुभेदार, गिळला मी!"

सुभेदारांनी शांतपणे नाक पुसलं. "वरडून काय उपेग न्हाई. ऐकू येत न्हाई म्हणून तर आलोय."

मी तोंड उघडून आत बोट दाखवलं. रिकामा चिमटा दाखवला. गळ्यावरून पोटापर्यंत हात फिरवून दाखवला. सुभेदारांनी वाकून माझ्या तोंडात नीट पाहिलं.

"उजवीकडची दाढ किडलीया," ते म्हणाले.

हे सत्तरच्या दशकातलं. सांगलीच्या पेठेत आमचं घड्याळाचं दुकान. खरं काम चावीच्या घड्याळांचं, पण एका मुंबईच्या व्यापाऱ्याच्या नादी लागून मी काचेच्या कपाटात कानाची मशिनं ठेवली होती. कानामागं बसणारं, काजूच्या आकाराचं मशीन. चालायला त्याच्या पोटात सेल लागायचा, पण टॉर्चमधला नव्हे. सदऱ्याच्या बटणाएवढा, चपटा, चांदीसारखा चकचकीत. तो काही आठवड्यांनी संपायचा आणि माणूस पुन्हा बहिरा होऊन माझ्या दारात यायचा. बहिऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करता येत नाही, त्यामुळे या धंद्यात मला घशाचा त्रास सोडून काही मिळालं नाही. पण एखादा म्हातारा पहिल्यांदा मशीन लावून रस्त्यावरच्या सायकलीची घंटी ऐकायचा आणि लहान पोरासारखा मागं वळून बघायचा, तेव्हा आपण काहीतरी भलं विकतोय असं वाटायचं.

सुभेदार खोत हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तोफखान्यात नोकरी झालेली. तोफांनी शत्रूचं काय केलं ते सरकारला ठाऊक, सुभेदारांच्या कानांचं मात्र पुरतं वाटोळं केलं. गाव सांगलीपासून एसटीनं तासाभरावर, ऊस आणि शेंगांचं. प्रत्येक खेपेला येताना गुळाचा खडा, नाहीतर शेंगांचं गाठोडं घेऊन येत आणि ते माझ्याकडं न देता माडीवर आमच्या घरी, माझ्या बायकोच्या, शालनच्या हातात देत. त्यामुळे घरात माझ्यापेक्षा सुभेदारांना मान होता.

तर सेल पोटात घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि खो खो हसले.

"खाली उतरलाय. घरी जा. केळी खा, भात खा. आणि बाहेर पडतोय का बघत जा."

"बघत जा म्हणजे?"

"म्हणजे बघत जा."

यातलं पुढचं वर्णन दिवाळी अंकाच्या वाचकांना नको. यथावकाश तो बाहेर पडला. शालन एवढंच म्हणाली, "आता तो धुऊन सुभेदारांना विकू नका म्हणजे झालं."

पण मी निघताना डॉक्टर एक वाक्य बोलले होते, ते काही पोटातून उतरलं नाही. "तू बाप्या माणूस, तुझी नळी रुंद. हाच लेकराच्या गळ्यात अडकला असता तर?"

मी दुकानात येऊन सेलचं परदेशी पाकीट बघितलं. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं, तेव्हा कुठं वाचता आली: मुलांपासून दूर ठेवा, गिळल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. इतकी वर्षं हा माल मी विकत होतो आणि ही ओळ मी वाचलेली नव्हती. मग सुभेदारांच्या गावात कोण वाचणार? वर माझा शहाणपणा असा की, संपलेले सेल मी पेठेतल्या पोरांना सोंगट्या म्हणून वाटत होतो. ते आठवलं आणि तसाच उठलो. घरोघर फिरून सोंगट्या गोळा केल्या. "दिलेली वस्तू परत घेतात!" म्हणून पोरांनी पेठेत माझं नाव केलं.

गोळा केलेल्यातला एक सदऱ्याच्या वरच्या खिशात राहिला. उन्हाळ्याचे दिवस, घामानं सदरा भिजलेला. संध्याकाळी छातीवर आग व्हायला लागली म्हणून बघतो, तर खिशावर काळपट डाग आणि खाली कातडीवर पैशाएवढा चट्टा. शालननं आधी सदरा बघितला. "विड्या ओढायला लागलात काय?" मग चट्टा बघितला आणि मलम लावलं. ओल लागली की संपलेला सेलही पाझरतो आणि कातडी खातो, हे ज्ञान मला असं अंगावर मिळालं. छातीची कातडी जाड. लेकराचा घसा कसा असतो, ते सांगायला नको.

म्हणून मी मराठीत सूचना छापायचं ठरवलं. ठळक अक्षरांत, प्रत्येक सेलबरोबर एक कागद.

आमच्या बोळात आण्णाप्पाचा छापखाना होता. आण्णाप्पा फक्त लग्नपत्रिका छापायचा. लग्नसराई संपली होती आणि त्याच्याकडं पिवळ्या जाड कागदाचे उरलेले तुकडे होते. मी मजकूर लिहून दिला आणि निर्धास्त झालो. हीच चूक. चार दिवसांनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा आला. सुटा कागद काढून बघतो, तर वर मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि खाली असा मजकूर:

॥ श्री ॥
सर्व ग्राहकांस विनंती विशेष. कानाच्या मशीनचा सेल बटणासारखा दिसतो, पण घातक आहे. गिळू नये. तोंडात धरू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये. संपलेला सेलही तितकाच वाईट, तो दुकानी परत द्यावा. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला, लाळ गळू लागली, दूध-पाणी उतरेना, तर वाट पाहू नये. घरगुती उपाय करू नयेत. तडक मोठा दवाखाना गाठून फोटो काढावा. सोबत हा कागद व तसाच दुसरा सेल न्यावा.
कृपया आहेर आणू नये.

"आण्णाप्पा, हे काय?"

"काय झालं? एक बी चूक न्हाई. दोनदा तपासलंय."

"मी सूचना दिली होती, लग्न नव्हे! गणपती कशाला?"

"गणपती न्हाई तर कागद माझ्या मशिनीतनं बाहेर जात न्हाई. आजवर गेला न्हाई."

"आणि हा आहेर?"

"ती वळ पत्रिकांसाठी जुळवलेलीच हुती. खाली जागा मोकळी ऱ्हायली, ती भरायला नको? आन् आहेर नको म्हटलं तर कुणाला राग येतोय का?"

सगळा गठ्ठा छापून, कापून झालेला. मी तो काखेत मारून घरी आलो. शालननं एक कागद वाचला. "गिळू नये, तोंडात धरू नये," ती मोठ्यानं वाचत म्हणाली, "हे स्वतःसाठीच छापून घेतलंत, होय?"

वाटायला सुरुवात केली आणि गंमत सुरू झाली. फलटणचे एक निवृत्त हेडमास्तर घरी नेलेला कागद पोस्टानं परत पाठवते झाले. तांबड्या शाईनं दोन स्वल्पविराम वाढवलेले आणि खाली शेरा: 'आशय उत्तम. आहेराचा संदर्भ लागत नाही.' म्हसवडच्या एक आजी नवऱ्याचा सेल न्यायला आल्या होत्या. त्यांनी गणपती बघून कागद कपाळाला लावला.

"कुणाचं लगीन म्हनायचं?"

मी सगळा कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सगळं ब्येस हाय. पर नवरीचं नाव न्हाई कळलं."

महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला होता. तिथल्या पावसात त्याचं मशीन सर्दी झाल्यासारखं शिट्ट्या मारायचं, म्हणून फार वेळा यायचा. एकदा त्यानं खिशातून पेपरमिंटची डबी काढून उघडली, तर आत थोड्या गोळ्या आणि थोडे सेल.

"अरे, हे काय?"

"डबी गच्च बसती वो. वलं हुत न्हाई."

"आणि गोळ्या?"

"त्या पाव्हण्यांच्या पोरास्नी देतो. घाटात पोरं वकत्यात."

"बघून देतोस का?"

"गाडी चालवताना कुठं बघू? हात घालायचा आन् मागं द्यायचा."

मी त्याला इतका ओरडलो की तो मशीन न लावताही दचकला. डबी रिकामी करून घेतली, झाकणावर गणपतीवाला कागद खळीनं चिकटवला आणि तशीच परत दिली. पुढच्या खेपेला सांगत आला, "आता डबी उघडाय गेलं की गणपती आडवा येतोय. गोळ्या वायल्या पिशवीत ठेवल्यात."

तरी मला त्या कागदाची लाजच वाटायची. नवीन गिऱ्हाईक आलं की तो घडी घालून, गणपती आत करून द्यायचो. गठ्ठा संपला की दुसऱ्याकडून साधा, सरकारी दिसणारा कागद छापून घेणार होतो. मधोमध लाल चौकट, गणपती नाही, आहेर नाही.

मग बेंदूर आला. आमच्या भागात बैलांचा सण हाच. त्या दिवशी खेड्यातलं माणूस पेठेत फिरकत नाही. बैल रंगवायचे, झुली घालायच्या, हलगी लावून मिरवायचे आणि घरी पुरणपोळी. दुपार उतरायला लागलेली. मी दुकान आवरत होतो, तोच एक जीप करकचून दारात थांबली. पुढं ड्रायव्हरशेजारी सुभेदार. मागं त्यांची म्हातारी आणि सून कुसुम. कुसुमच्या हाताला अजून पुरण चिकटलेलं आणि त्या हातांत नुकती रांगायला लागलेली तिची पोरगी, राणी. पोरीच्या तोंडातून लाळेची धार लागलेली, झबलं पार भिजलेलं.

"आवं घड्याळवाले," कुसुम खाली न उतरताच बोलायला लागली, "हलगी ऐकायची म्हणून मामंजींनी सकाळी नवा सेल घातला. जुना सोप्यात जमिनीलगतच्या खिडकीत ठेवला व्हता, म्हंजे तुमाला परत द्यायला. आता त्यो न्हाई. समदं घर झाडलं. आन् पोरगी दुपारधरनं दूध घेईना. घेतलं तर समदं बाहेर येतंय."

म्हातारी मध्येच म्हणाली, "हलगीला भ्याली आसंल म्हनून मी मीठ-मिरच्या उतरल्या. दात बी येत्यात तिला..."

"मी न्हाई म्हटलं," कुसुम म्हणाली. "मी ह्यो कागद आणला."

तिनं पदराआडून माझा कागद काढला. पिवळा कागद आणखी पिवळा झाला होता. गणपतीवर हळदकुंकवाचा थर, कडेला चिकटलेल्या अक्षता, एक कोपरा निरांजनानं जळलेला.

"सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलाय. रोज पूजा करत्यात. मी रोज फुलं घालताना वाचतीया, म्हणून पाठ झाला. लाळ गळू लागली, दूध-पाणी उतरेना, तर वाट पाहू नये. सोबत तसाच सेल न्यावा. म्हणून तुमच्याकडं आलो. द्या लौकर."

मी सेल घेतला तो मुठीत, तोंडात नव्हे, आणि जीपमध्ये चढलो. दुकान उघडंच राहिलं.

मोठा दवाखाना मिरजेत. मिरज जवळ आहे म्हणतात. त्या दिवशी फार लांब होती. वाटेत एका गावाची मिरवणूक आडवी आली. शिंगं रंगवलेले, बाशिंग बांधलेले बैल, पुढं हलगीवाला. सुभेदार जीपमध्ये उभे राहिले आणि तोफखान्यातल्या आवाजात ओरडले, "बाजू व्हा रं! ल्येकरू हाय गाडीत!" हलगी थांबली. गड्यांनी बैल अक्षरशः शिंगांना धरून उसाच्या कडेला लोटले.

दवाखान्यात तरणे डॉक्टर होते. कुसुमनं टेबलावर कागद ठेवला. गणपती बघून ते म्हणाले, "ताई, पत्रिका मागनं बघू. आधी बाळाला काय होतंय?"

"डॉक्टरसाहेब, त्येच लिवलंय त्यात. वाचा."

त्यांनी वाचला. मी शेजारी सेल ठेवला. त्यांनी तो बोटांत धरून एकदा फिरवला आणि खुर्ची मागं ढकलून उठलेच. फोटोत गोल चकती दिसली, पोरीच्या गळ्याच्या खाली, अगदी मधोमध. लगेच तिला आत नेलं आणि दार बंद झालं.

बाहेर बाकावर आम्ही चौघं. सुभेदारांनी कानातलं मशीन काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"ठेवा. आत काय हुतंय ते मला ऐकायचं न्हाई."

"सुभेदार..."

ते ऐकतच नव्हते. स्वतःशीच बोलत होते, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे. "एवढाल्या तोफा वडल्या मी. एक माणूस माझ्या चुकीनं गेला न्हाई. आन् घरात एक बटण सांभाळता आलं न्हाई मला."

त्यांना बटण विकणारा मीच होतो.

म्हातारी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती. "माजं ऐकलं न्हाईस," ती हळूच म्हणाली. "लय बरं केलंस, बाय."

कुसुम बोटाला वाळलेलं पुरण नखानं खरवडत राहिली.

किती वेळ गेला ते माझ्यासारख्या घड्याळवाल्यालाही सांगता येणार नाही. मग आतून आवाज आला. आधी घोगरा, खोकल्यासारखा. आणि पाठोपाठ चांगलं ठणठणीत भोकाड.

कुसुम धावली. मी सुभेदारांकडं बघितलं. ते भिंतीकडं तोंड करून बसलेले. त्यांना काही कळलंच नव्हतं. मी त्यांच्या कानात मशीन बसवलं, घाईत पहिल्यांदा उलटंच बसवलं, आणि चालू केलं. मशीन शिट्टी वाजवून गप्प झालं. सुभेदारांचा चेहरा हळूहळू दाराकडं वळला.

"रडतीया," ते म्हणाले.

"होय."

"आपलीच?"

"आपलीच."

"आवाज वाढवा."

मी वाढवला.

"आनखी वाढवा की, गड्या!"

त्याच्यापुढं मशीनला वाढच नव्हती. सुभेदार डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं नातीचं रडणं ऐकत बसले. मिशांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

डॉक्टरांनी वाटीतून सेल आणून दाखवला. सकाळी चकचकीत असलेला, आता कडेनं काळा पडलेला. "नळी घालून काढला. आतली कातडी भाजायला लागली होती. रात्रीपर्यंत थांबला असतात, तर आरपार भोक पडलं असतं." त्यांनी तो कागद उलटसुलट बघितला. "काही दिवस इथं ठेवावी लागेल. पण सुधारेल. हा कागद एक मला द्या, भिंतीला लावतो." मग म्हणाले, "ती आहेराची ओळ कशासाठी आहे?"

सुधारली. राणी पुढं इतकी सुधारली की तिच्या बडबडीपायी आजोबा दुपारी मशीन काढून ठेवायला लागले. काढलेल्या मशीनमधला सेल मात्र तेव्हापासून त्यांच्या घरी कुलपात असायचा.

साधा, सरकारी दिसणारा कागद मी काही छापला नाही. देव्हाऱ्यात त्याला कुणी जागा दिली नसती. तो कंदिलाची काच पुसायला गेला असता. गठ्ठा संपल्यावर मुकाट्यानं आण्णाप्पाकडं गेलो आणि म्हणालो, "तसाच छाप. गणपतीसकट." त्यानं फक्त विचारलं, "केळीचं खांब ठेवायचं न्हवं?" एकच खंत राहिली. एवढी अक्कल यायला एका लेकराच्या घशाला डाग लागावा लागला.

पोरगी घरी गेल्यावर थोड्या दिवसांनी खोतांच्या घरचं सगळं बिऱ्हाड आमच्याकडं आलं. निरोप आधीच आला होता. शालननं सकाळपासून गुळाचा डबा घासून उन्हात वाळवला होता. शेंगांसाठी कोपऱ्यात पोतं अंथरलं होतं. नेहमीच्या खेपेला सुभेदार एवढं आणतात, तर या खेपेला काय आणतील, असा तिचा साधा हिशेब होता.

सुभेदार माडी चढून आले. हात मोकळे. मागून म्हातारी आली. हात मोकळे. कुसुमच्या कडेवर राणी, बाकी काही नाही. शालननं जिन्यात वाकून बघितलं. मागून कुणी येत नव्हतं.

राणीला माझ्या पायांवर घातलं. तिनं माझ्या सदऱ्याचं बटण धरून ओढलं, तेव्हा कुसुमनं तिचा हात असा झटकन बाजूला केला की सगळेच हसलो. पोह्यांच्या बशा झाल्या, चहा झाला. निघताना सुभेदार उभे राहिले, टोपी सारखी केली आणि शालनकडं वळून म्हणाले,

"वैनी, गुळाची ढेप बांधून ठेवली व्हती. कुसुमनं तुमाला लुगडं बी काढलं व्हतं. पर म्या म्हटलं, न्हाई. त्या कागदात लिवलंय तसं अक्षर न् अक्षर वागलो, म्हणून पोरगी हाताला लागली. आता शेवटची वळ म्या मोडणार न्हाई." आणि त्यांनी हात जोडले.

मी गहिवरून काहीतरी बोललो. ते जिना उतरून गेले. खालून राणीचा आवाज बोळ वळेपर्यंत ऐकू येत होता. मी डोळे पुसले आणि मागं वळलो.

शालन कोपऱ्यातलं पोतं गुंडाळत होती. घासलेला डबा तिनं फळीवर ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली,

"आण्णाप्पाला सांगा, बाकी सगळं राहू दे. तेवढी आहेराची ओळ काढ."